टाकीवाल्यांचं धुणं

सुतळीचं खरं नाव हँगरमध्ये कुणालाच आठवत नसे. विमानाच्या पंखात इंधनाची टाकी असते आणि तिच्यात शिरायला पंखाच्या पोटाला एक लांबट भोक असतं. धडधाकट माणसाचे खांदे त्यात अडकतात. सुतळी दोन्ही हात डोक्यावर न्यायचा, छातीतला श्वास सोडून द्यायचा आणि सुईत दोरा ओवावा तसा आत जायचा. आत उताणं पडून, नाकाला पत्रा टेकतोय अशा जागेत, सांध्यांतलं गळकं सील खरवडायचं आणि नवं भरायचं. टाकी आधी रिकामी करतात, तोंडाला हवेची नळी लावतात, पण कोपऱ्यांत इंधन उरतंच. ते पाठीखाली साचतं, बाह्यांतून शिरतं, अंगभर घालायच्या सुती बॉयलर सुटात मुरतं. काम संपवून पंखाखालून बाहेर येणारा माणूस पिळून वाळत घालावा इतका ओला असायचा.

टाकीवाल्यांच्या गँगचा मुकादम म्हणजे सुतळीचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. सगळी गँग त्याला दादा म्हणायची. त्यानेच सुतळीला कामाला लावलं होतं आणि ते तो चारचौघांत विसरू देत नसे. गँगचे बॉयलर सूट धुवायचं कामही त्याने बहिणीलाच दिलं होतं. कंपनीची लॉन्ड्री ते सूट घेत नव्हती. बाकीच्या कपड्यांना वास लागतो म्हणायची. दादा म्हणाला, "मग काय, माझी ठकी आहे की!"

ठकी हे तिचं लहानपणचं नाव. तेव्हा ती गोलमटोल होती. आता गोलमटोल असं काही उरलं नव्हतं. घराच्या मागच्या फरशीवर मोठा टब मांडून ती कोपरापर्यंत हात बुडवून बसायची. पाण्यावर मोरपंखी तवंग यायचा. सोडा, साबण, ब्रश, पुन्हा सोडा. संध्याकाळी गँगचे सूट दोरीवर ओळीने लोंबायचे आणि गल्लीतली माणसं तिथून जाताना नाकाला पदर, रुमाल लावायची. सासू आतून ओरडायची, "सूनबाई, तुझ्या हातचं पाणी प्यायलं की वाटतं, पोटात विमान उडतंय!" ठकी हसायची. डोकं दुखायचं, बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, पण धुणं करणाऱ्या बाईचे हात काय लोण्याचे असतात?

एके दिवशी हँगरमध्ये एक डॉक्टरीणबाई आली. कामगारांच्या अंगावर आणि अंगात किती इंधन जातं ते तिला मोजायचं होतं. टाकीतून माणूस बाहेर आला की ती त्याच्या मनगटावर, मानेवर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, सोलून काढायची, त्याच जागी दुसरी दाबायची, मग तिसरी. दोन दिवसांत तिचं नाव पट्टीवाली पडलं.

"पट्टीबरोबर कातडीचा पापुद्रा येतो," तिने गँगला समजावलं. "कपाटात आपण डांबराची गोळी ठेवतो ना, तिच्यातलं द्रव्य तुमच्या इंधनात असतं. कातडीवर किती बसलं ते पट्टी सांगते. आत किती गेलं ते लघवी सांगते. काम संपलं की बाटली भरून द्यायची. लघवीला खोटं बोलता येत नाही."

गँगमधला ढोल्या नावाचा जाडजूड माणूस टाकीत डोकं आणि एक हातच घालू शकायचा. खालून हत्यारं द्यायचं काम त्याचं. तो म्हणाला, "बाई, आमच्यातलं तेवढं एकच खरं बोलतं म्हणा की!" पट्टीवालीसुद्धा हसली.

दादा मात्र हसला नाही. त्या दिवशी त्याने सगळ्यांना हत्यारांच्या खोलीत बोलावून दार लावलं.

"आकडे मोठे आले तर काय होईल, माहितेय? ही बाई म्हणेल, प्रत्येकाला इंधन न शिरणारे बंद सूट द्या. साहेबाने मला स्पष्ट सांगितलंय, सूट घेण्यापेक्षा गँग बदलणं सोपं. तेव्हा पट्टीआधी अंग साबणाने खरवडून घ्यायचं. आणि बाटली घरून आणायची."

"घरून म्हणजे?" सुतळीने विचारलं.

"घरची बाई कधी टाकीत शिरली आहे का? तिची आण."

खोलीत हशा पिकला. ढोल्या म्हणाला, "काखेत कळसा आणि हँगरला वळसा!" कारण बाटली गार लागली तर पट्टीवालीला संशय येईल, म्हणून ती काखेत धरून ऊब द्यायची, असंही तिथेच ठरलं.

सुतळीने घरी बायकोपुढे रिकामी बाटली धरली, तेव्हा तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिने तोंडात पदर कोंबला.

"अहो, लग्नात मागायचं राहिलं होतं वाटतं हे?"

"हळू बोल. आईचं चाललं असतं, पण तिला साखर आहे. दादाने सांगितलंय."

"दादाने सांगितलं?" ती पुन्हा हसली. "दादाचं काय, लहानपणी शाळेत स्वतःच्या जागी मला हजेरी द्यायला लावायचा."

आतून सासू विचारत राहिली, कशाला हसताय, मला पण सांगा. नवरा-बायकोंनी एकमेकांकडे बघितलं आणि पुन्हा हसू फुटलं. पुष्कळ दिवसांनी त्या घरात दोघं मिळून हसली होती. सकाळी तिने बाटली भरून, झाकण घट्ट लावून, पुसून त्याच्या हातात दिली.

निकाल यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा पट्टीवालीने गँगला आणि कंपनीच्या साहेबाला एकत्र बसवलं. ती गोंधळलेली दिसत होती. म्हणाली, कातडीवर इंधन आहे, थोडं थोडं सगळ्यांच्याच आहे. पण आत जवळजवळ काहीच नाही. घरात बसणाऱ्या माणसाइतकंच.

साहेबाने पाय ताणले. "म्हणजे कातडी आपलं काम करते. मग सुटांची काय गरज?"

दादाने खाली बघून मान डोलावली. सुंठीवाचून खोकला गेला होता.

"फक्त एक माणूस सोडून," पट्टीवाली म्हणाली आणि सुतळीकडे वळली. "तुमच्या कातडीवर सगळ्यांत कमी आहे. आणि आत सगळ्यांत जास्त. साधं जास्त नाही, कितीतरी पट. मला याचा अर्थ लागत नाही. तुम्ही सिगारेट ओढता?"

"नाही."

"घरी डांबराच्या गोळ्या ठेवता?"

"नाही बाई."

"मग हे जातंय कुठून? हात न धुता जेवता का?"

सुतळीच्या डोळ्यांपुढे मागची फरशी आली, तो टब, कोपरापर्यंत बुडालेले दोन हात. त्याने दादाकडे बघितलं. दादाच्याही डोळ्यांपुढे तेच आलं असावं, कारण क्षणभर त्याचा चेहरा उतरला. तो क्षणभरच. मग तो उठला आणि मोठ्याने म्हणाला, "हो बाई, खातो! किती वेळा सांगितलं, हा ऐकत नाही. माझा मेहुणा आहे म्हणून झाकत आलो. तसल्याच हातांनी डबा खातो. घाणेरडा आहे!"

साहेब हसला. पाठोपाठ गँग हसली. ढोल्या मांडीवर थाप मारून हसला आणि थाप मारलेला हात तसाच राहिला. बाटल्या कुणाच्या होत्या ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रत्येकाच्या अंगावर सुतळीच्या बायकोने धुतलेला सूट होता. हसणं एकेका तोंडातून गळत गेलं, आणि खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरला.

पट्टीवाली म्हणाली, "काय झालं?"

"काय व्हायचंय?" दादा म्हणाला. "ए ढोल्या, जीभ गिळलीस काय?"

ढोल्याने इकडेतिकडे बघितलं. मग तो पुन्हा हसला, आणि त्याच्यामागे बाकीचे.

अशा बेफिकीर माणसाला टाकीपासून लांब ठेवा, असं साहेबाने फर्मावलं. सुतळी घरी बसला.

बायकोला त्याने सांगितलं, काम कमी आहे म्हणून सुट्टी दिलीय. सुटांची गाठोडी मात्र येत राहिली. दादा कुणाच्या तरी हाती पाठवायचा, पूर्वीसारखीच, ओलीगच्च. सुतळी मागच्या दारात बसून बघायचा. एकदा त्याने तिच्या हातातला ब्रश ओढला. ती म्हणाली, "सरका तिकडे. पुरुषांना पिळायची ताकद असते, धुवायची अक्कल नसते." तो सरकला. दुसऱ्यांदा त्याने टबच पालथा केला. फरशीवरून तवंगाचं पाणी वाहत गेलं. ती आ वासून बघत राहिली आणि तो तिथेच उकिडवा बसून सगळं बोलून गेला.

सगळं ऐकून झाल्यावर तिने दोन्ही हात नाकाशी नेले आणि जोरात श्वास घेतला.

"मला तर काहीच वास येत नाही," ती म्हणाली. "सासूबाई, माझ्या हातांना वास येतो?"

"आता विचारतेस?" आतून उत्तर आलं. "वर्षानुवर्षं ओरडतेय!"

ठकीने नवऱ्याला विचारलं, "दादाला कळलं हे माझं आहे?"

"सगळ्यांनाच कळलं."

"मग?"

"हसले."

त्याच संध्याकाळी ती भावाकडे गेली. माहेर म्हणावं असं तिला तेवढं एकच घर होतं. दादा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. तिला बघून त्याने आपल्या बायकोला, ठकीच्या वहिनीला, चहा टाकायला सांगितला.

"चहा नको. दादा, तुला माहीत होतं आणि तू गाठोडी पाठवत राहिलास?"

"हळू. शेजारी माणसं राहतात."

"माझ्या अंगात विष आहे, आणि तुला शेजाऱ्यांची पडलीय?"

"विष काय! धुण्याच्या पाण्याने कोणी मेलंय का कधी? त्या बाईला आकडे काढायचा पगार मिळतो, ती काढते." मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "ठके, तुझ्या नवऱ्याला बाजूला केलं ते त्याच्या भल्यासाठी. विषय थंड झाला की घेतो परत. तोवर तुमचं घर चालावं म्हणून तर धुणं चालू ठेवलंय. माझ्यासारखा भाऊ बघ मिळतो का."

"मी डॉक्टरीणबाईला सांगणार, ती बाटली माझी होती."

"सांग की. मग सगळ्यांच्याच बाटल्या खोट्या ठरतील. सगळी गँग घरी बसेल. इतक्या घरांच्या चुली विझवायच्या असतील तर जा आणि सांग."

ती खाली आपल्या हातांकडे बघू लागली. दादाला वाटलं, पटलं. त्याने वहिनीला हाक मारली, "ते भांडी घासायचे रबरी मोजे आण गं." वहिनी मोजे घेऊन आली. एकाचा अंगठा फाटलेला होता. दादाने ते बहिणीच्या हातात ठेवले आणि म्हणाला, "घे. आता झालं ना समाधान?"

वाटेत तिने ते मोजे गटारात टाकले.

दुसऱ्या दिवशी हँगरच्या फाटकाजवळच्या खोलीत पट्टीवाली बाटल्या खोक्यात भरत होती. ठकीने दारातूनच सांगायला सुरुवात केली, न थांबता, अंगात आलेलं बळ संपायच्या आत. पट्टीवाली खुर्चीत बसली. तिने ठकीचा हात टेबलावर घेतला, मनगटाच्या वर चिकटपट्टी दाबली आणि सोलली. पांढरी, कोरडी साल पट्टीला चिकटून निघाली. दुसरी दाबली, तरी साल. तिसऱ्या पट्टीला रक्ताचा ठिपका आला, तेव्हा तिने हात सोडला.

"दुखलं?"

"नाही. तिथे काही कळत नाही."

पट्टीवालीने खोक्यातली एक बाटली उचलली आणि परत ठेवली. "म्हणजे माझं हे सगळं काम कचऱ्यात गेलं," ती म्हणाली.

"मी सांगायला नको होतं का?"

"नाही, सांगितलंत ते बरं केलंत." पण आपलं घर कुणी पाडावं आणि त्याचे आभार मानायला लागावेत, तसा तिचा चेहरा होता.

"बाई, बाकीच्यांचं राहू द्या. माझी बाटली तर खरी होती ना? माझं पुढे काय होणार ते सांगा."

"आत गेलंय, खूप गेलंय, एवढंच सांगता येतं. पुढे काय होईल ते या तपासणीतून कळत नाही." तिने नजर वळवली. "आणि खरं सांगायचं तर तुम्ही माझ्या तपासणीत नाहीच. मला टाकीतल्या माणसांच्याच तपासणीची परवानगी आहे. धुणाऱ्यांची नाही."

"मी त्यांच्यामुळेच धुते ना?"

"मी विचारून बघते," पट्टीवाली म्हणाली. त्या तीन पट्ट्या तिने बाटलीत घातल्या आणि बाटली वेगळी ठेवली.

तिने विचारलं असेलही. कंपनीने मात्र जाहीर केलं की कामगारांनीच लबाडी केली, तपासणी वाया गेली आणि अशी दुसरी तपासणी आता होणार नाही. पट्टीवालीला फाटकातून आत येणं बंद झालं. ती खोली रिकामी करण्यात आली. आपल्या पट्ट्यांचं काय झालं ते विचारायला ठकी दोनदा गेली, पण रखवालदार म्हणाला, कसल्या पट्ट्या?

दादाचं काही बिघडलं नाही. बाटल्यांची शक्कल सुतळीची होती, मेहुण्याने मला अंधारात ठेवलं, असं त्याने साहेबाला सांगितलं. साहेबाने गँगला विचारलं. गँग एका सुरात हो म्हणाली. ढोल्या तर सुतळीच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, आम्ही तुमचं काय वाकडं केलं होतं? आमच्या पोटावर पाय देताना काही वाटलं नाही?"

"आणि भाऊजी, तुम्हाला हसताना?" ठकीने विचारलं.

ढोल्याने तिच्या हातांकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे. "आम्हाला काय माहीत," तो पुटपुटला आणि गेला.

धुणं अर्थातच बंद झालं. सुतळी मिळेल ते ओझं वाहायला जायचा, पण त्याच्या अंगात ओझ्याचं बळ नव्हतं. सासूच्या गोळ्या एक दिवसाआड झाल्या. "सत्य बोलून पोट भरतं का गं?" ती विचारायची. आणि एका सकाळी ठकीला तो वास आला, किंवा आल्यासारखं वाटलं. तिने मागचं दार उघडलं. समोरच्या घराच्या दोरीवर गँगचे सूट ओळीने लोंबत होते.

त्या घरात एक शिवणकाम करणारी विधवा राहायची. डोळ्यांनी दगा दिला होता, सुईत दोरा जात नव्हता, मशीन झाकून पडलं होतं. ठकी तशीच धावत गेली.

"ताई, हे काम घेऊ नका. माझे हात बघा. हे आत जातं, अंगात मुरतं, डॉक्टरीणबाईने मोजलंय."

शिवणवालीने हात बघितले. "बाई गं," ती म्हणाली. मग तिने ठकीचा चेहराही नीट बघितला. "इतकी वर्षं खाल्लंस तेव्हा नाही बोललीस. काम हातचं गेलं आणि आठवलं होय?"

"तेव्हा मला माहीतच नव्हतं हो!"

"तुझ्या भावाने सांगितलंच होतं, ती येईल आणि असं म्हणेल. जळतेस माझ्यावर. जा, मला उन्हं आहेत तोवर पिळून घालायचंय."

ठकी परत आली आणि मागचं दार लावून घेतलं.

मग एक दिवस दादाच दारात येऊन बसला. सुतळीच्या जागी घेतलेला नवा माणूस पंखाच्या टोकाकडच्या सगळ्यांत अरुंद भोकात खांद्यापाशी अडकला होता. त्याला वंगण चोपडून पाय धरून ओढून काढावं लागलं. विमान उभं होतं, साहेब तापला होता.

"झाल्या गोष्टी उगाळायच्या नसतात," दादा म्हणाला. "चल. तुझ्याशिवाय त्या भोकातून कोणी जात नाही."

"बंद सूट मिळणार का?" ठकीने विचारलं.

"साहेबाच्या कानावर घालतो."

सुतळी बायकोच्या तोंडाकडे बघत होता. आतून सासू म्हणाली, "अरे, घोडं कुठे अडलंय? दारात आलेल्या लक्ष्मीला लाथ मारतोस?"

ठकीने खिळ्यावरचा त्याचा शर्ट काढला, झटकला आणि त्याला दिला. "जा," ती म्हणाली. "पण तिथले कपडे या घरात आणायचे नाहीत."

"नाही आणणार," सुतळी म्हणाला आणि दादाच्या मागून चालू लागला.

त्याने शब्द पाळला. ओला सूट तो तिथेच काढून गाठोड्यात टाकायचा, अंगाला साबण फासून घरी यायचा. तरी तो शेजारी आडवा झाला की सासू पलीकडून म्हणायची, आलं विमान. ठकीला काही वास येत नसे. ती त्याच्याकडे पाठ करून झोपायची.

पाऊस संपून उन्हं कडक झाली, तेव्हा एका दुपारी शिवणवालीने कुंपणापलीकडून हाक मारली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि कपाळाला तिने घट्ट फडकं बांधलं होतं.

"अगं ए, राग सोड की आता. एक सांग, ह्याचा वास कशाने जातो? तुझा भाऊ म्हणतो, ठकीच्या हातचे सूट बरे निघायचे. काम काढून घेईन म्हणतो."

ठकी उभी राहिली. बोलायचं ते सगळं तिचं एकदा बोलून झालं होतं, आणि ही बाई आता घाबरलेली होती, पण ती धुण्याला घाबरलेली नव्हती.

"आधी सोड्यात भिजवा," ठकी म्हणाली. "गार पाण्यात. गरम घेतलंत तर वास डोक्यात चढतो. आणि ते पाणी ओतून देऊन परत भिजवा."

"दोनदा?"

"दोनदा."

"बघ," शिवणवाली म्हणाली आणि खुशीने टबाकडे वळली, "चांगलं बोललीस की कसं बरं वाटतं."